गोल्फचे तेरा नियम आणि आपलं वकट-लेंड

गोल्फ म्हटलं की हिरवळ, मोठ्या गाड्या आणि निवृत्त साहेब डोळ्यांसमोर येतात. नांदेड-लातूरच्या माणसाला हा खेळ परका वाटतो आणि त्याचे नियम तर फारच किचकट. पण या नियमांचा इतिहास पाहिला, की दोन गोष्टी लक्षात येतात. नियम मुळात साधे होते. आणि सामान्य माणसाला मैदानाबाहेर ठेवलं ते नियमांनी नव्हे, फाटकाने.

१७४४ साली आपल्याकडे निजामुल्मुल्क आसफजाहची राजवट होती. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये एडिनबर्ग शहराने गोल्फच्या स्पर्धेसाठी चांदीची काठी बक्षीस ठेवली. शेजारच्या लीथच्या मैदानावर ही स्पर्धा व्हायची होती. बाहेरगावचे खेळाडू येणार, तर सर्वांना सारखे लागू होतील असे नियम हवेत. म्हणून तिथल्या खेळाडूंनी तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने लिखित नियम. ती पहिली स्पर्धा जॉन रॅट्रे नावाच्या एका शल्यचिकित्सकाने जिंकली.

त्या नियमांत काय होतं? सुरू केलेला चेंडू मध्येच बदलायचा नाही. मारायला सोपं जावं म्हणून वाटेतले दगड किंवा हाडं हटवायची नाहीत. चेंडू पाण्यात गेला तर काढून मागून खेळायचा, पण त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक टोला द्यायचा. ज्याचा चेंडू भोकापासून सर्वांत लांब, त्याने आधी मारायचं. २०१९ साली ३४ नियमांचे २४ करण्यात आले, तरी गाभा तोच आहे : मैदान जसं आहे तसं स्वीकारा, चेंडू जिथे पडला तिथूनच खेळा, कमीत कमी टोल्यांत भोक गाठा आणि प्रामाणिक राहा.

शेवटची गोष्ट उपदेश म्हणून सांगितलेली नाही, तो नियमच आहे. मैदान एवढं पसरलेलं असतं की प्रत्येक खेळाडूवर पंच नेमता येत नाही. १९२५च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू गवतात किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. जोन्सने स्वतःच एक टोला वाढवून घेतला. त्यामुळे बरोबरी झाली आणि फेरलढतीत तो एका टोल्याने हरला. आपण ज्याला अमानत म्हणतो, ती हीच.

आता आपली विटी-दांडू आठवा. इथेही काठी आहे, जमिनीत गल आहे आणि पंच नाही. गोल्फमध्ये चेंडू हलवण्याची सवलत मिळाली तर अंतर काठीने मोजतात. आपण विटीपासून गलीपर्यंतचं अंतर दांडूने मोजतो. मोजताना म्हणतो : वकट, लेंड, मुंड, नाल... हे शब्द मराठी नाहीत. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणजे एक, दोन, तीन, चार. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. काही ठिकाणी उरलेल्या आकड्यावरून पुढचा टोला ठरतो, विटी पायावर ठेवायची की मुठीवर की डोळ्यावर. १९५६ साली भाषावार प्रांत झाले, हैदराबाद संस्थानाचे तुकडे पडले, पण मराठी पोरं तेलुगूत मोजत राहिली. दख्खनच्या मिश्र संस्कृतीचा यापेक्षा साधा पुरावा कोणता?

मग फरक कुठे पडला? गोल्फ साहेबांबरोबर फिरला. कलकत्त्यात १८२९ साली, मुंबईत १८४२ साली क्लब निघाले. हिंदी माणसाला सन्मानाने सभासद होता यावं म्हणून मुंबईत विलिंग्डन क्लब निघायला १९१७ साल उजाडलं. फाटक फक्त आपल्यासाठीच बंद होतं असंही नाही. ज्या क्लबाने ते तेरा नियम लिहिले, त्याने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय २०१७ साली घेतला! नियमांत मात्र जात, धर्म, लिंग यांतलं काहीच नव्हतं.

म्हणूनच अली शेरचं नाव महत्त्वाचं. दिल्लीच्या गोल्फ क्लबात तो कॅडी होता, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. पिशवी वाहता वाहता तो खेळ शिकला. १९९१ साली त्याने इंडियन ओपन जिंकली. व्यावसायिक खेळाडू म्हणून ती जिंकणारा तो पहिला भारतीय. १९९३ साली पुन्हा जिंकली. एकदा मैदानात उतरल्यावर मोजले गेले ते फक्त टोले. बाप कोण, हे कार्डावर लिहायला जागाच नसते.

लिहिलेला नियम मालकाइतकाच हमालालाही कळू शकतो, ही त्याची ताकद. आपल्या खेळाचे नियम मात्र तोंडीच राहिले. गावागणिक वेगळे, आणि भांडण झालं की ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे. आता मैदानं गेली, खेळणारी पोरं गेली, त्यांच्याबरोबर वकट-लेंडही चाललं आहे.

घरात आजोबा, नाना, मामू असतील तर त्यांना विचारा : तुमच्या गावात ‘नाल’नंतर काय म्हणायचे? उत्तर गावाच्या नावासह वहीत लिहून ठेवा. लीथच्या लोकांनी तरी याहून वेगळं काय केलं होतं?