शेगडीची आच आणि बाळंतिणीची खोली

आपल्या मंडळातल्या साठी उलटलेल्या भगिनींना शेगडीची ओळख करून द्यायला नको. पण त्यांच्या सुनानातींपैकी पुष्कळ जणींनी ती केवळ कणसे भाजणाऱ्याच्या गाडीवरच पाहिली असेल. म्हणून दोन शब्द सांगते. बादलीच्या घाटाचा लोखंडी पत्रा, आतून मातीचा जाड लेप, मध्ये जाळी, जाळीवर कोळसे, आणि खाली राख पडायच्या जागेला एक लहानसे दार. एवढाच तिचा संसार. मातीचा लेप निघाला की पत्रा तापून लाल होई आणि पदर किंवा मुलाचा हात भाजण्याची भीती असे. म्हणून दर काही दिवसांनी लेप द्यावा लागे. पण खरी किल्ली त्या दारात होती. दार उघडे ठेवून विंझणा हलवला की कोळसा फुले. दार लावून निखाऱ्यांवर राख सारली की आच उतरे.

आपल्या वसईच्या वाड्यांतून चूल फार दिवस टिकली. झावळ्या, करवंट्या, नारळाची सोडणे, सुरूची लाकडे घरच्या घरी मिळत, मग कोळसा विकत घेणार कोण? शेगडीचे राज्य आधी आले ते स्टेशनाच्या बाजूच्या चाळींतून आणि भाड्याच्या बिऱ्हाडांतून. रेल्वे १८६४ साली वसईपर्यंत आली, १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईची पहिली लोकल सुटली, आणि १९३६ मध्ये विजेच्या गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या. नोकरदारांची बिऱ्हाडे वाढली. अशा घरात चुलीच्या धुराला जागा नव्हती. वाडीतल्या घरांनी मात्र शेगडी ठेवली ती चहा, दूध, इस्त्री आणि बाळंतपण यांच्यापुरती. नाताळात केकच्या भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे तेही याच शेगडीतले.

हा कोळसा येई कोठून? आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलांतून. तो पाडणाऱ्यांत कातकरी पुष्कळ. कातकरी हे नावच मुळी खैराच्या काताच्या धंद्यावरून पडलेले. जंगलातला तो धंदा बसल्यावर पुष्कळांच्या नशिबी कोळशाची भट्टी आली. लाकडे रचायची, त्यांवर पाला व माती लिंपायची, आत विस्तव घालायचा आणि वारा जवळजवळ कोंडायचा, म्हणजे लाकूड जळून राख न होता सुमारे ४०० ते ५०० अंश उष्णतेत कोळसा होते. मातीला भेग पडली आणि वारा शिरला की सगळी रास जळून जाते, म्हणून रात्रीचा दिवस करून राखण. इतके करून पाच-सहा किलो लाकडामागे जेमतेम एक किलो कोळसा हाती लागतो. व्यापाऱ्याची उचल घेतलेली, ती फिटता फिटत नसे. वेठबिगारीला कायद्याने बंदी झाली ती १९७६ साली, आणि १९८२ मध्ये आपल्याच तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी राहिली ती अशाच वेठीतल्या माणसांच्या सुटकेसाठी. आपला कोळसा स्वस्त पडे तो का, हे तेव्हा आपण कोणी विचारले नाही.

भट्टीत जो नियम, तोच शेगडीत: आचेचा लगाम म्हणजे वारा. उष्णतामापक कोणाच्या स्वयंपाकघरात होता? तरी आपल्या आया-आज्या चुकत नसत. निखारा मंद तांबडा म्हणजे सहाशे-सातशे अंश, नारिंगी झाला की नऊशेच्या आसपास, हे आकडे पुस्तकातले. त्यांना रंग कळत होता. तळहात निखाऱ्यांवर धरून किती वेळ साहवतो यावरून त्या भाताला कधी दम द्यायचा ते ठरवीत. पुऱ्यांच्या तेलाला १८० अंशांच्या जवळपास ताप हवा, तेवढा साधायला कढई निखाऱ्यांवर टेकवायची की चिमट्याच्या आधाराने वर धरायची हेही त्यांना ठाऊक. मंद आचेसाठी कोळशाच्या चुऱ्याचे शेण घालून केलेले गोळे निराळे. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर काढला, त्यात तर निखारे विझेपर्यंत वाफेवर सगळे शिजून निघे आणि बाईला पाहावेही लागत नसे. आच मंद ठेवणे हेच चांगल्या गृहिणीचे लक्षण, अशी आपली समजूत या सगळ्यातून पक्की झाली.

स्वयंपाकापुरती ती खरी. पण हीच मंद केलेली शेगडी जेव्हा बाळंतिणीच्या बाजेखाली गेली, तेव्हा गोष्ट निराळी झाली.

कोळशाच्या थरात खालून वारा शिरला म्हणजे खालच्या कोळशाचा कार्बन डायॉक्साइड होतो. तो वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना त्याचा पुन्हा कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा वायू विषारी. शेगडी रसरशीत असली तर त्याचा बराचसा भाग वर निळसर ज्योतीने जळून जातो. ती ज्योत आपण सर्वांनी पाहिली आहे. पण त्याला पेट घ्यायला सुमारे ६०० अंश उष्णता लागते. राख सारून, दार लावून आच उतरवली की ज्योत विझते आणि वायू मात्र तसाच निघत राहतो. म्हणजे अंगाला सोसवेल अशी ऊब ज्या शेगडीची, तीच श्वासाला जास्त घातक. त्यातून या वायूला ना रंग, ना वास. आपला जुना नियम होता की शेगडी अंगणात पेटवावी आणि धूर गेला की आत आणावी. धुरापुरता तो बरोबर. पण धूर गेला म्हणजे विष गेले असे नव्हे.

हा वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो, हे फ्रान्समधल्या क्लोद बर्नार यांनी १८५७ साली दाखवले. पुढे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी इंग्लंडात तो स्वतः हुंगून काय काय होते याची टिपणे केली: डोके ठणकणे, मळमळ, गुडघ्यांतले बळ जाणे, गुंगी. प्रख्यात कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमध्ये रात्री झोपेत गेले ते याच वायूने. खोलीतल्या कोळशाच्या विस्तवाचे धुराडे तुंबले होते.

माझे पहिले बाळंतपण १९७४ च्या डिसेंबरात आगाशीला झाले. बाजेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीला गोधडी. पाचव्या दिवशी शेकताना माझे डोके फुटायला आले, उलटीची भावना झाली, उठले तर पाय लटपटले. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली पोरीला." मीठ, मोहऱ्या, मिरच्या माझ्यावरून आणि बाळावरून ओवाळून त्याच शेगडीत टाकल्या. असा ठसका उठला की साऱ्या जणी खोकत सुटल्या आणि कोणी तरी दार-खिडकी सताड उघडली. तासा-दोन तासांत माझे डोके उतरले. श्रेय दृष्ट काढण्याला गेले. उघड्या दाराचे नाव कोणी घेतले नाही. मलाही त्याचा उलगडा व्हायला तीस वर्षे लागली.

मग इतक्या पिढ्या बाळंतिणी जगल्या कशा? माझ्या समजुतीने त्यांना वाचवले ते घरांनी. कुडाच्या भिंती, नळीची किंवा मंगलोरी कौले, भिंत आणि छप्पर यांमधली मोकळी फट. खिडकी बंद केली तरी वळचणीखालून वारा खेळत होता. आमच्या आगाशीच्या घरातही ती एकच खोली नवी, सिमेंटच्या छताची होती, आणि बाळंतिणीला बरी म्हणून मुद्दाम मला दिली होती!

आता तशी खोली हाच सगळ्यांचा मुक्काम आहे. २००९ साली महानगरपालिका झाली, नालासोपारा-विरारला इमारतींवर इमारती उठल्या. स्लॅबचे छत, सरकत्या काचांच्या घट्ट खिडक्या. स्वयंपाकाला गॅस आला, पण बाळंतपण आले की गावाहून येणारी आजी कोळशाची पिशवी घेऊन येतेच. तिला दुखवू नये. पण ती शेगडी खोलीत पेटू देऊ नये. एक खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. तान्ह्याला तर या वायूची बाधा मोठ्या माणसाहून लवकर होते, आणि धुरीचा धूरही बालरोगतज्ज्ञ नकोच म्हणतात. शेक हवा तर गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी, किंवा गॅसवरच्या तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापवून आधी आपल्या मनगटावर टेकवून पाहावी. कोळसा वापरलेल्या खोलीत कोणाचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर आधी त्या माणसाला उघड्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. दृष्ट मागाहून काढता येईल.