बत्तीस मेगाबाइटची भिंत

भारतातील संगणकाच्या इतिहासात मुंबईचे स्थान मानाचे आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे अवघे १० किलोबाइट मावत. पुढे मार्च १९८३ मध्ये आयबीएम कंपनीने ‘एक्स-टी’ हा वैयक्तिक संगणक आणला. त्याच्या हार्ड डिस्कवर १० मेगाबाइट, म्हणजे टिफ्रॅकच्या स्मृतीच्या हजारपट मजकूर राहत असे. १९८४ च्या संगणक धोरणाने आपल्याकडे आयात सुलभ झाली आणि गिरगावालगतच्या लॅमिंग्टन रोडवर रेडिओच्या भागांशेजारी संगणकाचे भागही विक्रीस आले.

डिस्क मोठ्या होत गेल्या, पण ३२ मेगाबाइटपुढे एक भिंत उभी राहिली. एमएस-डॉस ही कार्यप्रणाली डिस्कचे ५१२ बाइटांचे कप्पे पाडी व प्रत्येकास क्रमांक देई. क्रमांकाच्या रकान्यात जागा १६ बिटांचीच होती. त्यात ६५,५३६ कप्पेच मोजता येत. त्यांचे बाइट होतात ३,३५,५४,४३२, म्हणजेच ३२ मेगाबाइट.

परळची एखादी मोठी चाळ डोळ्यांपुढे आणा. पोस्टमनच्या वहीत खोली क्रमांकासाठी दोनच घरे असतील, तर शंभराव्या खोलीचे पत्र पोचणार कसे? खोली आहे, बिऱ्हाड आहे. वहीत मात्र तिला जागा नाही!

१९८७ च्या डॉस ३.३ ने एका डिस्कचे अनेक भाग पाडण्याची सोय केली. जणू चाळीला अ, ब, क असे विभाग पाडून प्रत्येकात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले. १९८८ च्या डॉस ४.० ने रकानाच ३२ बिटांचा केला. पुढे १९९० नंतरच्या दशकात ५०४ मेगाबाइटची दुसरी भिंत आली. यंत्रातील दोन वेगवेगळ्या नोंदपद्धतींचा मेळ घालताना १०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर यांपुढे मोजता येईना. कप्प्यांना सलग क्रमांक देऊन तीही ओलांडली गेली.

रकाना आखणारे अडाणी नव्हते. त्या काळी एकेक बाइट मोलाचा होता. त्यांनी गरजेपुरती जागा ठेवली. पण गरज वाढली, तेव्हा रकाना रुंद करणे भाग पडले.

पालकांनी यातून एवढेच घ्यावे. “आपल्या घरात दहावीपुढे कोणी शिकले नाही”, “मुलीला इतके इल्म पुरे” हेही जुन्या वहीतले रकानेच आहेत. अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दिक अभियांत्रिकी महाविद्यालय भायखळ्यात १९८४ साली सुरू झाले, ते असाच एक रकाना रुंद करण्यासाठी. विद्यार्थी मित्रहो, जागा तुमच्यात आहेच. ती कमी आहे असे कोणी म्हटले, तर आधी त्याची वही तपासा.