घोड्याच्या पायाचा ‘ग्रीस’ रोग आणि देवीची लस : एका नावाचा इतिहास

प्रस्तावना

देवीच्या लसीचा इतिहास सांगताना गाय आणि गवळण यांचा उल्लेख हमखास होतो. घोडा मात्र उपेक्षित राहतो. लॅटिन भाषेत गाईला ‘वाक्का’ म्हणतात व त्यावरूनच ‘व्हॅक्सिन’ हा शब्द रूढ झाला. तथापि एडवर्ड जेन्नर यांनी १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ‘काउपॉक्स’चा, म्हणजे गाईच्या आचळांवर उठणाऱ्या फोडांचा, उगम घोड्याच्या पायावरील एका चिवट त्वचारोगात सांगितला आहे. हे मत प्रथम का नाकारले गेले व पुढे त्याचा फेरविचार का करावा लागला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रोग आणि त्याची निगा

इंग्लंडच्या ओल्या, चिखलट हवेत घोड्यांना खुराच्या वर व टाचेच्या मागे हा विकार जडत असे. त्वचा सुजे, तिला भेगा पडत आणि त्यांतून दुर्गंधीयुक्त तेलकट स्राव वाहे. म्हणून त्यास ‘ग्रीस’ हे नाव पडले. त्याची निगा नालबंद व तबेल्यातील नोकर यांच्याकडे असे. पाय धुणे, पोटीस बांधणे, मलम लावणे, पट्ट्या बदलणे हे काम दिवसेंदिवस चाले. जेन्नर यांच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात गाईंचे दूध स्त्रियांप्रमाणे पुरुष नोकरही काढीत. घोड्याच्या टाचा बांधणारा नोकर स्वच्छतेची काळजी न घेता गोठ्यात जातो आणि त्याच्या हाताला लागलेला स्राव गाईच्या आचळांपर्यंत पोहोचतो, असे जेन्नर यांचे प्रतिपादन होते.

जेन्नर यांचा पुरावा

या प्रबंधातील काही नोंदी थेट घोड्याशी निगडित आहेत. नालबंदाचा मुलगा थॉमस पिअर्स याला घोड्यांच्या टाचा बांधताना बोटांवर फोड आले होते. सहा वर्षांनंतर जेन्नर यांनी त्याला मानवी देवीचा पू वारंवार टोचला, तरी देवी उठल्या नाहीत. याउलट अब्राहम रिडिफर्ड या शेतकऱ्याला घोडीच्या पायापासून संसर्ग होऊनही सुमारे वीस वर्षांनी सौम्य देवी आल्या. जेन्नर यांनी ही प्रतिकूल नोंदही दडवली नाही. घोड्याकडून आलेला संसर्ग गाईतून न गेल्यास पूर्ण संरक्षण मिळत नसावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मार्च १७९८ मध्ये जॉन बेकर या पाच वर्षांच्या मुलाला घोड्यापासून संसर्ग झालेल्या माणसाच्या हातावरील स्राव टोचण्यात आला. त्याच्या प्रतिकारशक्तीची परीक्षा होऊ शकली नाही. अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात जडलेल्या तापाने तो लवकरच दगावला. शास्त्राच्या इतिहासात अशा मुलांची नावे क्वचितच उरतात.

एक नाव, अनेक रोग

जेन्नर यांच्या मताची तपासणी लगेच सुरू झाली. लंडनमध्ये विल्यम वुडव्हिल यांनी पशुवैद्यक महाविद्यालयातील प्राध्यापक कोलमन यांच्यासह ‘ग्रीस’चा स्राव गाईच्या आचळांना लावून पाहिला, फोड आले नाहीत. यावरून अनेकांनी जेन्नर यांचे मत चुकीचे ठरविले. मात्र १८०१ साली यॉर्कशायरमधील जॉन लॉय यांनी यशस्वी प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ‘ग्रीस’चे दोन प्रकार असून एक केवळ स्थानिक असतो, तर दुसऱ्यात ज्वर व अंगभर पुरळ येते, संसर्ग या दुसऱ्याच प्रकारात होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. वादाचे मूळ बहुधा येथेच होते. दोन पक्ष एकच शब्द वापरीत होते, परंतु त्यांच्यासमोरचे रोग भिन्न असावेत.

फ्रान्समध्ये १८६० साली तुलूझ येथे लाफोस यांनी व १८६३ साली आल्फोर येथे बूले यांनी केलेल्या अभ्यासातून अश्वदेवी हा स्वतंत्र रोग असल्याचे स्पष्ट झाले. त्याचे फोड पायांपुरते मर्यादित नसून तोंडातही येतात.

आधुनिक संशोधनाचा प्रकाश

१९३९ साली ॲलन डाउनी यांनी लसीतील विषाणू आणि काउपॉक्सचा विषाणू एक नाहीत, असे दाखविले. १९८१ साली डेरिक बॅक्सबी यांनी लसीच्या विषाणूचा उगम अश्वदेवीत असावा, अशी मांडणी केली. मंगोलियात १९७६ साली आजारी घोड्यातून मिळालेल्या विषाणूची जनुकीय रचना २००६ साली प्रसिद्ध झाली. २०१७ साली अमेरिकेतील १९०२ च्या लसीचे विश्लेषण झाले, तेव्हा तिचे सर्वाधिक साम्य या अश्वदेवीशी आढळले. यावरून जेन्नर यांची पहिली लस घोड्याचीच होती, असे सिद्ध होत नाही. परंतु घोड्याला या इतिहासातून वगळता येत नाही.

पायावरच्या उरलेल्या विकारांचेही आता वर्गीकरण झाले आहे. ओल, जिवाणू, बुरशी व खरजेचे सूक्ष्म किडे ही त्यांची निरनिराळी कारणे होत. पायांवर दाट केस असलेल्या ओढकामाच्या जातींत लसिकावाहिन्यांच्या दोषामुळे कायमची सूजही येते. त्वचेचा नमुना तपासून कारण निश्चित करणे, केस कापणे आणि पाय व जागा कोरडी ठेवणे हा उपचाराचा पाया आहे. वारंवार धुण्याने ओल टिकून विकार वाढू शकतो. लसिकावाहिन्यांचा दोष बरा होत नाही. तेथे नियमित निगा हाच मार्ग उरतो.

समारोप

‘ग्रीस’ या शब्दाने लक्षणाचे वर्णन केले, कारणाचे नाही. त्यामुळे उपचार सरसकट झाले, प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले आणि घोड्याचा वाटा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. या रोगाचे ज्ञान प्रथम ग्रंथांत नव्हे, तर नालबंदांच्या व नोकरांच्या फोड आलेल्या हातांवर उमटले होते. वैद्यकाच्या इतिहासलेखनाने त्या हातांचीही नोंद घेणे आवश्यक आहे.