दोन वात, एक ऑपरेशन
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या बाभुळगावात सांधे दुखू लागले की त्या दुखण्याला एकच नाव, वात. सत्तरीच्या म्हातारीचे टोंगळे दुखोत, की पस्तिशीतल्या बाईची बोटं सुजून वाकडी होवोत, वातच. माझ्या घरात असे दोन वात एकाच वेळी नांदत होते. अम्मीचे गुडघे वयानं झिजले होते. तिची धाकटी बहीण, माझी खाला, हिला मात्र चाळिशीच्या आधीच आमवातानं धरलं होतं. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास तिची मूठ वळायची नाही. मनगटं, बोटं, गुडघे, सगळीकडे सूज.

सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. जो गुडघा दीड लाखाच्या वर जात होता, तो कर सोडून पंचावन्न हजारांच्या आत आला. त्यानंतरच आम्ही धीर केला आणि नागपुरात अम्मीचे दोन्ही गुडघे बदलून घेतले. पाच महिन्यांत ती पायी बाजारात जाऊ लागली. ते पाहून दोन वर्षांनी खालाही तयार झाली. ऑपरेशन तेच, पण तिची जखम चिघळली, सुट्टी लांबली. घरी आल्यावर चालायला वॉकर दिला, तर तो धरायला बोटांत जोर नाही. मोहल्ल्यानं निकाल लावून टाकला की मोठीचं जमलं आणि धाकटीचं फसलं. मलाही तसंच वाटत होतं.

मी डॉक्टर नाही. बी. ए. होऊन कविता लिहिणारा माणूस. पण एकाच घरातल्या दोघींना एकाच ऑपरेशनचं फळ वेगळं का मिळावं, हा प्रश्न काही केल्या सुटेना, म्हणून या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचायला घेतला.

पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की या दोन दुखण्यांतला भेद आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होता. 'माधवनिदान' या हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. विलायतेत सर आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ साली त्याला 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिलं. झिजेचा वात सांध्यापुरता असतो, कूर्चा झिजते आणि हाडावर हाड घासतं. आमवात हा साऱ्या शरीराचा रोग आहे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. पहिल्यात सांधा बदलला की बरंचसं दुखणं सांध्याबरोबर जातं. दुसऱ्यात सांधा जातो, रोग घरातच राहतो.

रोग कोणता हे न पाहता सांधा बदलला की काय होतं, याचा धडा अगदी पहिल्याच प्रयत्नात मिळाला होता. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे गुडघे करून बसवले. कारागिरीत खोट नव्हती. पण रुग्ण क्षयानं सडलेल्या सांध्यांचे होते. आतला जंतुसंसर्ग उसळला आणि हस्तिदंत काढावे लागले.

यश आलं ते सत्तर वर्षांनी, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात. तिथल्या रायटिंग्टन इस्पितळात जॉन चार्नली खुब्याचा सांधा बदलत होते. वाटी टेफ्लॉनची. तीनशेच्या आसपास रुग्णांना ती बसवली, आणि दोन-तीन वर्षांत ती झिजून तिचा चुरा सांध्यात साचू लागला. चार्नलींना आपल्याच रुग्णांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. मग १९६२ साली एक विक्रेता दुसऱ्याच एका प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांची दातेरी चाकं त्याची करत. चार्नलींना तो आधी पसंत पडला नाही. त्यांच्या तंत्रज्ञानं, हॅरी क्रेव्हननं, तरीही तो यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे, तितकं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ते माणसांच्या खुब्यात बसू लागलं. कपाशीच्या मुलुखातला माणूस हे वाचताना जरा थांबतो. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६० नंतर, वऱ्हाडचा कापूस याच लँकेशायरच्या गिरण्यांकडे जहाजं भरभरून गेला होता. वेचणीत वाकून वाकून ज्यांचे टोंगळे गेले, त्यांच्यासाठीचं प्लॅस्टिक त्या गिरण्यांच्या मागातून आलं.

चार्नलींनी आणखी एक गोष्ट केली. ऑपरेशनच्या खोलीतली हवा गाळून घेतली. जंतुसंसर्ग शंभरात सातांच्या वर होता, तो एकाच्या आसपास आला. गुडघ्याला मात्र वेळ लागला. आजच्या गुडघ्याचा मूळ नमुना १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवला. त्या सहकाऱ्यांत मूळचे मध्य प्रदेशातले डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्यांनीच २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे बदलले, आणि 'गुडघा बदलतात' ही गोष्ट आपल्या घराघरांत पोचली. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी आपली खाली बसायची सवय ध्यानात घेऊन 'इंडस' नावाचा गुडघा तयार करवला.

या इतिहासात आमवाताचे रुग्ण कुठे होते? सुरुवातीला ते बरेच पुढे होते. स्वीडननं १९७५ साली बदललेल्या गुडघ्यांची देशभराची नोंदवही सुरू केली, तेव्हा त्यात त्यांचा वाटा मोठा होता. पुढे मेथोट्रेक्झेटचा वापर वाढला, १९९८ पासून जैविक इंजेक्शनं आली, रोग वेळीच आवरता येऊ लागला आणि हा वाटा घसरत गेला. खालाच्या बोटांना ही औषधं उशिरा मिळाली, नाहीतर गोष्ट वेगळी असती. गावात पंधरा वर्षं नुसता वात म्हणण्यात गेली.

निकालांचं म्हणाल तर ते असे आहेत. आमवाताच्या रुग्णाला गुडघा बदलल्यावर जंतुसंसर्गाचा आणि खुबा बदलल्यावर तो निखळण्याचा धोका झिजेच्या रुग्णापेक्षा जास्त असतो. भूल देण्याआधी मानेचा एक्स-रे लागतो, कारण रोगानं मानेचे मणकेही सैल झालेले असू शकतात. जैविक इंजेक्शनं ऑपरेशनआधी काही काळ थांबवतात, मेथोट्रेक्झेट सहसा चालू ठेवतात. अर्थात हे ठरवायचं डॉक्टरांनी. आम्हाला यातलं काहीच विचारता आलं नाही, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आपल्या विदर्भात आणखी एक प्रकार आहे, सिकलसेल. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच त्याची नोंद केली होती. त्यात खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटतं आणि पंचविशीतलं पोर लंगडू लागतं. हा खरा संधिवात नव्हे, पण गावात त्यालाही वातच म्हणतात. तिथे खुबा बदलणं फार जिकिरीचं, कारण हाड कुठे मेलेलं तर कुठे दगडासारखं टणक असतं आणि जंतूंची भीती मोठी.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच एका नोंदीनं. स्वीडनमध्ये सत्तावीस हजारांवर बदललेल्या गुडघ्यांबद्दल रुग्णांना 'समाधानी आहात का' असं विचारलं गेलं. ते निष्कर्ष २००० साली छापून आले. बहुतेक जण समाधानी होते. आणि ज्यांचं दुखणं जुनाट, म्हणजे आमवातासारखं, ते झिजेच्या रुग्णांपेक्षा अधिक समाधानी निघाले. 

हे वाचल्यावर मी खालाकडे गेलो. इतक्या दिवसांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "बेटा, मला कुठं बाजारात जायचं होतं? आधी गुडघ्याला चादर लागली तरी रात्रभर जाग यायची. आता झोप लागते. संडासला कुणाला हाक मारावी लागत नाही." जखम चिघळली ते दिवस वाईट होते, हेही तिनं सांगितलं. पण पुन्हा करशील का म्हटल्यावर ती लगेच हो म्हणाली.

अम्मी शेजारीच होती. दोघीही आता खुर्चीवर बसून नमाज पढतात. अम्मी सगळीकडे फिरते, जिने चढते, पण सजद्याला जमिनीवर माथा टेकवता येत नाही, ही तिची तक्रार अजून आहे. डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं होतं, असं ती दर शुक्रवारी म्हणते.