‘दबला’ की ‘दाबला’? पेडणे-डिचोलीच्या इतिहासातील एक क्रियापद

‘दबणे’ आणि ‘दाबणे’ ही मराठीतील एकाच कुळातील दोन क्रियापदे. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. लिहिताना फरक एका कान्याचा. परंतु तो काना वाक्यात कर्त्याला घेऊन येतो. ‘दार लोटताच ताशाचा आवाज दबला’ या वाक्यात कोणाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. ‘त्याने आवाज दाबला’ असे म्हटले, की कशाने दाबला आणि कशासाठी, हे प्रश्न उभे राहतात. ‘आवाज दाबला गेला’ ही तिसरी रचना मधली वाट काढते. कोणीतरी हे केले हे ती मान्य करते, पण त्याचे नाव गाळण्याची सोयही ठेवते.

याच्या आसपास आणखी काही शब्द आहेत. आवाज अंतराने विरतो, जोर ओसरला की मंदावतो, बाहेर पडायला वाट नसली की कोंडतो. गळा शिणला की तो बसतो. वरून भार टाकून तो दडपतात. आणि ‘दबका आवाज’ म्हणजे बोलणाऱ्याने भीतीने वा सावधपणे स्वतःच आवरलेला आवाज. गोमंतकाच्या इतिहासाविषयी लिहिताना आपण सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे लेखक ‘पोर्तुगीज अमदानीत लोकांचा आवाज दबला’ असे सहज लिहून जातो. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. इतिहास म्हणून मात्र ते अपुरे आहे. साडेचार शतकांच्या सत्तेला आणि निरनिराळ्या प्रदेशांना एकच क्रियापद पुरत नाही.

२७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फर्मान काढले. लोकांनी आपली देशी भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे, असा त्याचा आशय. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादीतील कोकणी बोलणाऱ्या प्रजेवर हा घाला होता. येथे ‘आवाज दबला’ असे लिहिणे म्हणजे फर्मान काढणाऱ्याला वाक्याबाहेर जाऊ देणे होय. कर्ता ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे; म्हणून ‘आल्व्होरने लोकभाषा दाबली’ असेच लिहावयास हवे. फर्मानाला यश आले नाही, घराघरांतून कोकणी टिकली, ही गोष्ट वेगळी. दाबणाऱ्याचा हात आणि दबणाऱ्याचे टिकून राहणे या दोन घटना आहेत. त्यांना दोन वाक्ये द्यावीत.

त्या वर्षी पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हती. डिचोली १७८१-८२च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली त्यांच्याकडे गेले. पेडणे तर तोवर सावंतवाडीकर सावंतांच्या मुलखाचा भाग होते. जुन्या काबिजादीत देवळे पाडण्याची जी लाट सोळाव्या शतकात उसळली होती, ती या नव्या काबिजादीत आली नाही. येथील धर्म आणि रूढी सांभाळण्याची हमी राज्यकर्त्यांना द्यावी लागली. १८५३ साली या प्रदेशाच्या रूढींची संहिता तयार झाली आणि ती पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. देवळांतील कीर्तन-पुराण आणि घरगुती शाळा यांतून मराठी चालू राहिली. तेव्हा १६८४चे वाक्य उचलून पेडण्यावर बसवणे चुकीचे ठरते. येथे कारभाराची भाषा पोर्तुगीज झाली आणि सरकारदरबारी मराठीचा आवाज मंदावला. देवळात आणि अंगणात तो मंदावला नाही.

हा भेद घुमटावरून चांगला उमगतो. घुमट हे मातीच्या मडक्याचे वाद्य. त्याचे रुंद तोंड कातड्याने मढवतात आणि दुसरे अरुंद तोंड उघडे ठेवतात. वादक एका हाताने कातड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा उघड्या तोंडावर कमी-जास्त झाकून नाद दाबतो, मोकळा करतो. येथे दाबणे ही वादकाची कला आहे; तिनेच घुमटाला बोल मिळतो. चतुर्थीच्या दिवसांत शामेळ आणि कांसाळ्यांच्या साथीने होणाऱ्या घुमटआरत्यांत मराठी पदे आजही घुमतात. हेच वाद्य ख्रिस्ती गोमंतकीयांच्या मांडोलाही साथ देते. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते वर्ज्य झाल्यावर बकऱ्याचे कातडे आले. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला.

तळवा आपला असेल तर दाबण्याने बोल उमटतो. परक्याचा असेल तर घुसमट होते. ही घुसमट पेडणे-डिचोलीच्या वाट्याला आली ती सालाझारच्या राजवटीत. छापावयाचा मजकूर आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. सभेला परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी हा बंदीहुकूम मोडला आणि त्यांना अटक झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या सीमेवरील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. कर्नैलसिंग तेथेच हुतात्मा झाले. येथे ‘दाबणे’ हे क्रियापदही सौम्य वाटते. ‘दडपणे’ हाच शब्द योग्य.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आंबोलीच्या रानातून गुप्त नभोवाणी सुरू झाली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ती कोकणी व पोर्तुगीज भाषांतून चालवीत. पुढे केंद्र कॅसल रॉकला हलले आणि डिसेंबर १९६१ पर्यंत प्रसारण चालू राहिले. गोव्यात जे बोलता येत नव्हते, ते सह्याद्रीच्या माथ्यावरून गोव्यातच ऐकू जात होते. या घटनेला ‘आवाज दबला’ हे वाक्य लावूनच पाहावे. ते बसत नाही.

सीमेवरच्या माणसाला याचे महत्त्व अधिक. कर्ता गाळलेल्या वाक्यावर वाढलेल्या मुलाला वाटते, की भाषा आपोआप क्षीण होतात, पावसाळ्यात भिंत खचते तशा. मग आज आपल्या गावातली शाळा मिटली किंवा पाटीवरचे अक्षर पुसले, तरी तो ‘मिटली’, ‘पुसले’ असेच म्हणेल आणि कोणाला विचारायचे हे त्याला सुचणार नाही. तेव्हा लिहिताना आधी कर्ता शोधावा. तो सापडला तर ‘दाबला’ लिहावे आणि नाव घालावे. खरोखरच कोणी नसेल, तर ‘मंदावला’ वा ‘विरला’ लिहायला मराठीत कुणाची मनाई नाही.