कणगी, पेंव आणि आभासी सर्व्हर

सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा मुलूख. ज्वारी पिकविणें जितकें कौशल्याचें, तितकेंच ती राखणें हेंही कौशल्याचें, हें येथील शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ओळखलें होतें. रोजच्या दळणाची ज्वारी घरांतील कणगींत असे. पुढील वर्षांची तरतूद जमिनींत खणलेल्या पेंवांत जाई. कणगींतून दाणे हवे तेव्हां काढतां येत, पण तींत मावत थोडे. पेंवांत मावत पुष्कळ. मात्र तें उघडल्यावर आंतील दूषित हवा निघून जाईपर्यंत कोणी आंत उतरत नसे. तिसरें साधन सरकारी कोठाराचें. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशाही कोठारें लोकांस खुलीं केलीं, ही कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. एका कोठारावर किती जणांचे प्राण अवलंबून असूं शकतात, हें त्या कथेंतून दिसतें.

जवळचा छोटा साठा, दूरचा मोठा साठा आणि सर्वांचा सामायिक साठा यांपैकीं कोणता पत्करावा, हा प्रश्न संगणकाच्या इतिहासांतही पुनःपुन्हा उभा राहिला आहे. आभासी सर्व्हर म्हणजे एकाच खऱ्या संगणकांत अनेक स्वतंत्र संगणक नांदत असल्याचा भास निर्माण करण्याची योजना होय. प्रत्येकास वाटतें कीं, आपली डिस्क आपल्या एकट्याची आहे. प्रत्यक्षांत ती कोठें असावी, हें मालकास ठरवावें लागतें. सोलापुरांतील एखादी पतसंस्था अथवा रुग्णालय आपल्या नोंदी अशा सर्व्हरवर ठेवूं लागलें, म्हणजे ठेवीदारांचीं खातीं आणि रोग्यांचे कागद यांचें भवितव्य या निवडीशीं बांधलें जातें.

सन १९५६ मध्यें अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें ‘रामॅक’ हा संगणक पुढें आणला. त्याच्या साठ्यांत दोन फूट व्यासाच्या ५० फिरत्या तबकड्या असून सर्व मिळून ५० लक्ष अक्षरें मावत. फितीवरील मजकूर क्रमानेंच वाचावा लागे. तबकडीवरील हवी ती नोंद थेट गांठतां येऊं लागली. पुढें १९६७ च्या आरंभीं मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें याच कंपनीच्या संशोधकांनीं ‘सीपी-४०’ ही व्यवस्था सुरू केली. तींत एका यंत्रावर १४ आभासी यंत्रें चालत. या परंपरेंतूनच १९७२ सालीं ‘व्हीएम/३७०’ बाजारांत आलें. तींत खऱ्या डिस्कचे भाग पाडून प्रत्येकास एक ‘मिनिडिस्क’ दिली जाई. वाडा एक, बिऱ्हाडें अनेक, असा हा प्रकार होता.

यापुढची अडचण तबकडी बिघडण्याची. सन १९८८ मध्यें बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं ‘रेड’ पद्धति मांडली. अनेक स्वस्त तबकड्या एकत्र बांधाव्या आणि एखादी निकामी झाली तरी मजकूर वांचवावा, हें तिचें सूत्र. अशा तबकड्यांचें कपाट स्वतंत्र ठेवून जाळ्यानें अनेक संगणकांस जोडण्याची प्रथा १९९० नंतर वाढली. सन २००३ मध्यें व्हीएमवेअर कंपनीनें चालतें आभासी यंत्र न थांबवितां दुसऱ्या संगणकावर नेण्याची युक्ति आणली. तीसाठीं दोन्ही संगणकांस एकच साठा दिसणें अवश्य होतें. त्यामुळें सामायिक कोठाराची सरशी झाली.

तथापि या कोठारासही मर्यादा होत्या. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सुमारें ८ मिलिसेकंद लागतात. त्यांत वाचणाऱ्या दांडीच्या हालचालीचा वेळ मिळवावा लागतो. एकेका यंत्राची मागणी क्रमवार असली, तरी वीस यंत्रांच्या मागण्या एकत्र आल्या कीं तो क्रम मोडे आणि दांडी इकडून तिकडे धांवत राही. फिरता भाग नसलेल्या एसएसडीनें हा वेळ फारच कमी केला; पण त्यामुळेंच मधल्या जाळ्यांतून जाण्यायेण्याचा विलंब अधिक जाणवूं लागला.

सन २००६ मध्यें ॲमेझॉन कंपनी आभासी सर्व्हर भाड्यानें देऊं लागली. प्रारंभीं त्यांची डिस्क त्याच संगणकांतील असे. सर्व्हर सोडून दिला कीं तींतील मजकूरही जाई. म्हणून १९०० च्या नव्हे, तर या शतकांतील २००८ सालीं सर्व्हरहून वेगळें आयुष्य असलेल्या डिस्का देण्यांत आल्या. परंतु २१ एप्रिल २०११ रोजीं अमेरिकेच्या पूर्वेकडील विभागांत जाळ्याचें काम चालूं असतां सारी वाहतूक चुकून अरुंद मार्गावर वळली. अनेक डिस्कांचा आपल्या प्रतींशीं संबंध तुटला. मार्ग पूर्ववत् होतांच सर्वांनीं एकाच वेळीं नव्या प्रतींसाठीं जागा शोधण्यास धांव घेतली आणि शिल्लक जागा संपली. शेवटीं त्या विभागांतील दर दहा हजारांत सुमारें सात डिस्का सुस्थितींत परत मिळाल्या नाहींत.

सन २००६ मध्येंच सेज वाईल व त्यांचे सहकारी यांनीं ‘सेफ’ ही तिसरी वाट दाखविली होती. तींत एक मोठें कपाट नसून प्रत्येक संगणकांतील डिस्का मिळून एक साठा होतो आणि प्रत्येक नोंदीच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणीं ठेवल्या जातात. मात्र तिला चांगलें जाळें आणि जाणता माणूस लागतो.

यावरून सर्वोत्तम साठा कोणता, हा प्रश्नच अपुरा ठरतो. पुन्हा तयार करतां येणारा तात्पुरता मजकूर त्याच संगणकांतील वेगवान डिस्कवर ठेवावा. संगणक बंद पडला तरी ज्यांचें काम थांबतां कामा नये, अशा नोंदी सामायिक अथवा विखुरलेल्या साठ्यांत असाव्या. आणि या दोहोंहून निराळी एक राखीव प्रत दुसऱ्या गांवीं असावी. कारण चुकून पुसलेली नोंद जुळ्या प्रतींतूनही त्याच क्षणीं पुसली जाते. धान्य कोठें ठेवावें हें ठरवितांना सोलापूरचा शेतकरी तें केव्हां लागेल आणि गेलें तर काय होईल, याचा विचार आधीं करीत असे. सर्व्हरच्या मालकानेंही किंमत विचारण्यापूर्वीं तोच विचार करणें हिताचें होय.