वर्दीतले दोन बेरकी

20 सप्टेंबर 1955 रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सार्जंट बिल्को पहिल्यांदा अवतरला, तेव्हा मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला अजून सतरा वर्षं होती. पण वर्दीतला बेरकी माणूस इकडच्या प्रेक्षकाला नवा नव्हता. तमाशाची कनात लागली, गण-गौळण, बतावणी उरकली, की वगातून तो हटकून भेटायचा.

फिल सिल्व्हर्सनं रंगवलेला बिल्को फोर्ट बॅक्स्टर या काल्पनिक लष्करी तळावर गाड्यांचा विभाग सांभाळतो. सांभाळतो कसला! पत्त्यांचे डाव, सोडती, झटपट पैशाच्या नाना क्लृप्त्या, यातून त्याला सवडच नसते. वरती कर्नल हॉल. याचं काहीतरी शिजतंय हे त्याला कळतं, पण काय ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. नॅट हायकेननं रचलेल्या या मालिकेत बिल्कोचा डाव बहुधा अंगाशी येतो, म्हणून त्याचा राग येत नाही.

1956 च्या एका भागात जवानभरतीचा विक्रम करण्याच्या घाईत चक्क एक चिंपांझी सैन्यात भरती होतो. त्याला काढायचं तर कोर्ट-मार्शल हवं, आणि वकीलपत्र बिल्कोकडे. चित्रीकरण चालू असताना चिंपांझीनं मनानंच टेबलावरचा फोन उचलला. सिल्व्हर्स गडबडला नाही. आपला अशील दुसरा वकील बोलावतोय, असं त्यानं जागच्या जागी ठोकून दिलं. संहितेत नसलेलं ते वाक्य तसंच दाखवलं गेलं.

हाच हजरजबाबीपणा मराठी रंगभूमीवर 1965 साली ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये अवतरला. वसंत सबनिसांचं हे लोकनाट्य मुळात छपरी पलंगाचा वग. कोतवाल मरतो, जागा रिकामी होते, हवालदाराच्या तोंडाला पाणी सुटतं. पण प्रधान ती जागा आपल्या माणसाच्या पदरात टाकतो. मग हवालदार त्याला अडकवायला मैनावती या नर्तकीला पुढे करतो. ती लाडात येऊन राजाचा पलंगच मागते, आणि नवा कोतवाल तो चोरून आणतो!

हा हवालदार दादा कोंडके रंगवत आणि त्याच्या तोंडी रोज नवं काहीतरी घालत. ताज्या बातमीतला मंत्री रात्रीच्या प्रयोगात सापडायचा. फसवला जातो तो वरचा साहेब, म्हणून प्रेक्षक बिनधास्त लबाडाच्या बाजूनं.

शेवट मात्र दोघांचे निराळे. 1959 च्या अखेरच्या भागात बिल्को गजाआड आहे आणि कर्नल हॉल त्याला समाधानानं टीव्हीच्या पडद्यावर न्याहाळतो आहे. हवालदाराला कोतवाली मिळते. दादांनाही या भूमिकेनं पडदा मिळवून दिला: भालजी पेंढारकरांचा ‘तांबडी माती’ 1969 साली आला आणि 1971 साली स्वतः दादांचा ‘सोंगाड्या’.